रद्द गाडीचे बेचाळीस प्रवासी

३ ऑक्टोबर

भिंगरे,

आधी खाली बस, मग पुढचं वाच. मी येतेय.

चोवीस तारखेला सकाळी सहा वीसच्या गाडीनं निघेन आणि दुपारी दोन पस्तीसला तुझ्या त्या समुद्रकाठच्या शहरात उतरेन. ही वेळ मी कुणाला विचारलेली नाही. एकोणीस वर्षांपूर्वी मीच ठरवलेली आहे. एकतीस वर्षं बस आगाराच्या वेळापत्रक विभागात बसून मी लोकांना कुठं कुठं पोचवलं, आणि स्वतः मात्र आगार ते घर यापलीकडे गेले नाही. आता ही थेट गाडीच बंद होतेय. एकतीस ऑक्टोबरला तिची शेवटची फेरी, त्यानंतर जंक्शनला उतरून दुसरी पकडायची. साहेब म्हणाले, प्रवासी उरले नाहीत. मी म्हटलं, मग निदान एक तरी देते. आठ दिवसांची रजा मंजूर करून घेतली तेव्हा त्यांना वाटलं माझी तब्येत बरी नाही.

बेत असा. पहिला दिवस : २.३५ आगमन. ३.१० तुझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत चहा, आईनं शिवलेल्या पडद्याशेजारी बसून. आईला जाऊन सहा वर्षं झाली, पण तो पडदा मी घडी घालून तुला पाठवला तेवढाच पाहिलाय, खिडकीला लावलेला कधी पाहिला नाही. ४ ते ६ समुद्र पाहणे. दोन तास पुरतात का ते कळव. दुसरा दिवस दीपगृहाचा. तू लिहिलं होतंस की ओहोटीला तिथपर्यंत चालत जाता येतं. ओहोटीच्या वेळा मागवल्या आहेत.

तुला एक विचारायचंही आहे. फोनवर विचारायची सोय नाही, तू 'बरं बरं' म्हणतेस आणि ठेवून देतेस. प्रश्न एकच आहे, पण सहा वर्षं जपून ठेवलाय. समोरासमोर विचारीन.

पत्र नेहमीसारखं चालकाच्या हाती देतेय. तो तिथल्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत ठेवेल. उत्तर तसंच पाठव, टपालाला चार दिवस लागतात आणि मला तेवढा धीर नाही.

तुझी,
ताई


८ ऑक्टोबर

ताई,

खाली बसले होते, तरी पडले. तू आणि आठ दिवसांची रजा? साहेबांना वाटलं ते बरोबरच आहे.

दोन तास समुद्र अगदी पुरतो. त्याहून जास्त पाहिला की तो आपल्याकडे बघायला लागतो. बाकी बेत झकास आहे, पण ताई, ऑक्टोबर हा काही यायचा महिना नव्हे. वारा असा सुटतो की केसांचा नुसता झाडू होतो. हॉटेल पाहुण्यांनी तुडुंब भरलंय, मी स्वागतकक्षात सकाळपासून उभी, तुला वेळ कधी देणार? शिवाय माझ्या मजल्यावर रंगकाम निघालंय. तुला वासानं शिंका येतात. डिसेंबरात ये ना. जंक्शनला गाडी बदलायला लागली तर लागली, एवढं काय त्यात? वेळापत्रकं करणाऱ्या बाईनं गाडी बदलायला घाबरावं म्हणजे कमालच.

आत्ता दुपारचे तीन वाजलेत. उशिराच्या जेवणाच्या सुट्टीत खिडकीत बसून लिहितेय. लाटा खालच्या भिंतीवर अशा आपटताहेत की कागदावर शिंतोडे उडताहेत. शाई फुटली असेल तर तेच कारण. आईचा पडदा भिजू नये म्हणून बाजूला बांधून ठेवलाय.

तुझ्या त्या टेबलाचं काय झालं? विभागप्रमुख होणार होतीस ना? सहा वर्षं झाली, बाईसाहेब अजून दारालगतच्याच खुर्चीत. कुणाशी भांडलीस का? तुझा स्वभाव मला माहीत आहे, रबरी शिक्का वाकडा पडला तरी तू माणसाला उभा आडवा घेतेस.

आणि प्रश्न काय आहे ते लिहून टाक. असा अर्धवट सांगून जीव टांगणीला लावू नकोस. पत्रात विचार, मी पत्रात उत्तर देते. त्यासाठी आठ तास बसचे धक्के कशाला खायचे?

तुझी,
भिंगरी


११ ऑक्टोबर

भिंगरे,

भरती-ओहोटीचं पुस्तक आलं. चालकानंच तुमच्या बंदरावरून आणून दिलं, मासेमारीवाल्यांसाठी छापतात ते. काय सुरेख काम आहे. तीनशे पासष्ट दिवस, दिवसाला चार वेळा, आणि एकही गाडी चुकत नाही. समुद्राच्या खात्यात मला नोकरी मिळाली असती तर मी जन्मात रजा मागितली नसती.

पण एक गंमत झाली. तू आठ तारखेला दुपारी तीनला पत्र लिहिलंस, तेव्हा लाटा भिंतीवर आपटत होत्या. पुस्तक म्हणतं, आठ तारखेला दुपारी तीन वाजून चार मिनिटांनी पूर्ण ओहोटी. चालकाला विचारलं. तो म्हणाला, त्या वेळी पाणी भिंतीपासून दोनशे पावलं लांब असतं, पोरं तिथं चेंडू खेळतात. मग मी तुझी जुनी पत्रं काढली. माझी खोड तुला माहीतच आहे, एकदा आकडा चुकलेला दिसला की झोप उडते. अकरा वर्षांची पत्रं. जिथं जिथं तू वेळ लिहिली आहेस तिथं तिथं ताडून पाहिलं, मागच्या वर्षांची पुस्तकं मिळाली तेवढ्यांत. नऊपैकी सात वेळा तुझा समुद्र चुकीच्या वेळी आलाय.

दोन दिवस मन थाऱ्यावर नव्हतं. मग एकदम उलगडलं. तू त्या खोलीत राहत नाहीस. दुसरीकडे राहतेस, आणि तिथं कुणीतरी आहे. म्हणून रंगकाम, म्हणून वारा. अगं, असेल तर असू दे की. मी आता भुवया उंचावण्याच्या वयाची राहिलेले नाही. फक्त तो घोरतो का तेवढं कळव, म्हणजे मी कुठं झोपायचं ते ठरवते.

तिकीट काढलं. अकरा नंबर. आता माघार नाही.

ताई


१५ ऑक्टोबर

ताई,

घाईत लिहितेय. माणूसबिणूस कुणी नाही, तुझं आपलं काहीतरीच.

आत्ताच स्टँडवर जाऊन चौकशी करून आले. घाटात रस्त्याचं काम निघालंय, वीस तारखेपासून तुमची गाडी रद्द. एकतीसपर्यंत एकही फेरी होणार नाही, तसा फलकच लावलाय. तुला तिथं अजून कळवलं नसेल. तिकिटाचे पैसे परत घे. मला फार वाईट वाटतंय, पण इलाज नाही. पुढच्या वर्षी नक्की.

समुद्र कुठं पळून जात नाही.

भिंगरी


१६ ऑक्टोबर

भिंगरे,

तुझं पत्र मिळालं. गाडी रद्द झाल्याचं तुझं पत्र त्याच गाडीच्या चालकानं आणून दिलं. सवयीनं त्याच्या हातात दिलंस ना? त्यालाच मी विचारलं, घाटाचं काय. तो म्हणाला, कसला घाट.

मला हसू आलं, आणि मग रडू. टेबलावरच. दारालगतच्या खुर्चीत बसणाऱ्या बाईला कुणी फारसं पाहत नाही, ते एक बरं.

तू माझी गाडी दुसऱ्यांदा रद्द केलीस. समोरासमोर विचारायचं होतं, पण तू येऊच देत नाहीस, तर आता इथंच विचारते.

सहा वर्षांपूर्वी, त्या बुधवारी रात्री, डॉक्टरांनी आशा सोडल्यावर मी तुला निरोप धाडला होता. आई तुझीच वाट बघत होती. गुरुवारी घरी तिच्याजवळ मामा बसले होते, मी आगारात होते, कारण तू सव्वातीनच्या गाडीनं उतरणार होतीस. दुपारी बाराला तुझा फोन आला. गाडी रद्द झाली, मी येऊ शकत नाही. मी विश्वास ठेवला. मी मामांना फोन करून तसं सांगितलं, त्यांनी आईला सांगितलं. आणि तीन सव्वीसला गाडी आली. अकरा मिनिटं उशीर, बाकी काही नाही. बेचाळीस माणसं उतरली. शेवटचा माणूस उतरेपर्यंत मी दाराशी उभी होते.

तेवढ्यात फाटकातून मामा येताना दिसले. आई तशा अवस्थेतही आईच होती. तिनं त्यांना पिटाळलं होतं, 'जा, आगारात जाऊन वहीत बघून या, खरंच रद्द आहे का.' भिंगरे, मला विचार करायला मामांना फाटकापासून खिडकीपर्यंत लागला तेवढाच वेळ होता. मी आगमनाची वही ओढली आणि त्या गाडीपुढं 'रद्द' लिहिलं. माझ्याच अक्षरात, आद्याक्षरासकट. मामांनी चष्मा लावून वाचलं आणि परत गेले.

आई म्हणाली, "म्हणजे निघाली होती ती. गाडीनं दगा दिला, पोरीनं नाही." मग ती शांत झोपली. शुक्रवारी सकाळी गेली. तू चार दिवसांनी आलीस, एक दिवस राहिलीस, माझ्याकडे न बघता परत गेलीस.

महिन्याभरानं एक गृहस्थ त्या गाडीत विसरलेली छत्री मागायला आले. साहेबांनी वही काढली. वहीप्रमाणे ती गाडी आलेलीच नव्हती. बेचाळीस माणसं न आलेल्या गाडीतून उतरली आणि त्यांतल्या एकाची छत्री राहिली. साहेबांनी मला 'कारणे दाखवा' अशी नोटीस दिली. मी कारण दाखवलं नाही. म्हणून अजून दारालगतच्या खुर्चीत आहे. भांडले नाही कुणाशी.

हे तुला टोचायला लिहीत नाही. वही खोटी केल्याचं मला एवढंही वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की आईला मी खोटं सांगून पाठवलं. माझा प्रश्न एवढाच आहे. त्या दिवशी तू निघाली होतीस का? निदान स्टँडपर्यंत? निदान खोलीच्या दारापर्यंत?

हो किंवा नाही, काहीही लिही. पण खरं लिही.

ताई


१९ ऑक्टोबर

गाडी सतराला आली, अठराला आली, आज आली. तिन्ही वेळा मी खाली जाऊन चालकाला विचारलं. आता तो मला पाहिलं की आधीच मान हलवतो.

मी चोवीसला येणारच आहे. तू भेटली नाहीस तर समुद्र पाहून परत जाईन.

ताई


२१ ऑक्टोबर

ताई,

पाच पत्रं फाडली. हे सहावं आहे, आणि हे मी धुलाईखान्यात, चादरींच्या ढिगावर कागद ठेवून लिहितेय, कारण मी इथंच काम करते. स्वागतकक्षात मी एकदाच गेले होते, नोकरी मागायला. त्यांनी मला मागच्या दारानं खाली पाठवलं. गेली अकरा वर्षं मी तळघरात आहे. दिवसाला तीनशे चादरी, उश्यांचे अभ्रे मोजत नाही. माझी खोली मागच्या गल्लीत, बॉयलरच्या भिंतीला लागून. तिला खिडकी आहे. वीतभर रुंद, आणि समोर भिंत. समुद्र मला भेटतो तो चादरींतून. कुठल्या पाहुण्यानं पाय न धुता अंग टाकलं ते मला वाळूवरून कळतं.

पहिल्या पत्रात मी सहज लिहिलं होतं, खिडकीतून समुद्र दिसतो. तू आईची जबाबदारी घेऊन मला जाऊ दिलंस, त्याचं काहीतरी चीज झालंय असं तुला वाटावं म्हणून. मग तू लिहिलंस, आईनं ते पत्र चार वेळा वाचायला लावलं. झालं. त्यानंतर मला खिडकी बंद करता येईना. आईनं मापं मागितली, मी दिली. सहा बाय पाच. ताई, सहा बाय पाच ही माझी अख्खी खोली आहे. तिनं हात थरथरत असताना एवढा मोठा पडदा शिवला. तो ट्रंकेत आहे, एकदाही उघडलेला नाही. उघडून लावणार कुठं?

आणि ती शेवटच्या पत्रात म्हणाली होती, बरी झाले की येईन, खिडकीखाली माझी गादी घाल.

तुझा प्रश्न. हो. निघाले होते.

निरोप आला तशी पिशवी भरली. सकाळी सातची गाडी. बारा नंबर, खिडकीची जागा. शेवटपर्यंतचं तिकीट काढलं. पहिल्या थांब्यापर्यंत ठीक होते. दुसऱ्या थांब्याला वाटलं, आई विचारणार, पडदा कसा दिसतो गं? आणि मी तिच्या तोंडावर, त्या वेळी, पुन्हा खोटं बोलणार, किंवा खरं सांगणार, आणि दोन्हींपैकी काहीही मला जमणार नाही. तिसरा थांबा पेट्रोल पंपाचा. गाडी तिथं दोन मिनिटं थांबते. मी उतरले. कंडक्टर ओरडला, 'अहो बाई, तिकीट शेवटचं आहे तुमचं.' मी ऐकलं नाही. गाडी पुढं गेली आणि लगेच मला वाटलं, पळत जावं. पण ताई, गाडी वेळेवर सोडायची सवय तूच लावलीस ना त्यांना.

दुपारपर्यंत पंपावर बसून होते. फोन तिथूनच केला. मागं हॉर्न वाजत होते, तू विचारलंस हा कसला आवाज, मी म्हटलं वारा.

माझ्यामुळं तुझं टेबल गेलं हे मला माहीत नव्हतं, आणि मी त्यावरून तुझी थट्टा करत राहिले. मला लाज वाटते. सहा वर्षं मी आईशी मनातल्या मनात भांडले, तुझ्याशी भांडले, आणि तो तिसरा थांबा कधीच ओलांडला नाही.

आता तुला यायचं असेल तर ये. शेवटच्या थांब्यावर उतरू नकोस, तिथं समोर समुद्र आहे आणि मी तिथं कधी उभी राहत नाही. आधीच्या थांब्यावर उतर, हॉटेलच्या मागच्या फाटकाशी. मी तिथं असेन. हाताला गरम इस्त्रीचे डाग आहेत, घाबरू नकोस.

भिंगरी


२२ ऑक्टोबर

भिंगरे,

तुझं पत्र आलं तसा खण उघडला. त्या गुरुवारचा कंडक्टरचा तक्ता मी वहीला कधी लावलाच नव्हता. लावला असता तर गाडी आली होती हे सिद्ध झालं असतं. सहा वर्षं तो माझ्या खणात शिसपेन्सिलींखाली आहे.

शेवटपर्यंतची तिकिटं, त्रेचाळीस. उतरलेली माणसं, बेचाळीस.

त्या दिवशी मी त्या कंडक्टरला चारचौघांत झाडलं होतं. तो बिचारा सांगत होता, एक बाई मध्येच उतरली, पंपाशी. मी म्हटलं, शेवटचं तिकीट काढून कुणी तिसऱ्या थांब्यावर उतरतं का? मोजता येत नाही तर सांग तसं. तेव्हापासून मी त्याचे तक्ते दोनदा मोजते, आणि तो मला पाहिलं की रस्ता बदलतो. आज दुपारी त्याला शोधून काढलं आणि माफी मागितली. कशाबद्दल ते त्याला आठवेना. मी म्हटलं, मला आठवतंय तेवढं पुरे.

भिंगरे, आई बरोबर बोलली होती. तू निघाली होतीस. मला वाटत होतं मी तिला खोटं सांगून पाठवलं, आणि तिला जाताना जे कळलं ते खरंच होतं. हे वाक्य मी आज दहा वेळा मनात म्हटलं. तूही म्हण.

गाडीनं दगा दिला नाही, हे मात्र वेळापत्रक विभागातर्फे नमूद करते.

आता सुधारलेला बेत. पहिला दिवस : २.३० मागच्या फाटकाशी आगमन. २.४५ ते ३.३० तुझ्यावर रागावणे. पाऊण तास पुरेल असं वाटतं, जास्त लागला तर समुद्रातला कापू. खोटी खिडकी मी माफ करीन, खोटी भरती नाही. लिहायचंच होतं तर निदान पुस्तक बघून लिहायचं. ३.३० तुझ्या खोलीत चहा, भिंत बघत. चारला पूर्ण ओहोटी आहे, मी ताडून पाहिलंय. पडदा ट्रंकेतून काढ. कापू नकोस, कुठं लावूही नकोस. सहा बाय पाच म्हणजे दोन बायकांना बसायला ऐसपैस. वाळूवर अंथरू आणि वर बसू. आईचं शिवणकाम, टिकेल. आईला खिडकीतून समुद्र बघायचा होता, तिचा पडदा त्याच्या काठाला तरी पोचेल. तू म्हणतेस दोन तासांनी तो आपल्याकडे बघायला लागतो. बघू दे. आपण अकरा वर्षं त्याच्याबद्दल खोटंनाटं बोललो, त्यालाही बघायचा हक्क आहे.

दुसऱ्या दिवशी तुला कामावर जायचंय हे गृहीत धरलंय. मी खाली येऊन अभ्रे मोजीन. मला मोजता येतं.

आणि एकतीस तारीख. सकाळी सातची परतीची गाडी, तिची शेवटची फेरी. अकरा आणि बारा नंबर राखून ठेवलेत. बारा खिडकीची. चार दिवसांची रजा माग, अकरा वर्षांत घेतली नसणार. तिसरा थांबा पेट्रोल पंपाचा, गाडी तिथं दोन मिनिटं थांबते. ती दोन मिनिटं मी तुझा हात धरून बसेन. वाटलं तर ओरड माझ्यावर, पण उतरायचं नाही. घरी मामा वाट बघताहेत. सहा वर्षं ते सगळ्यांना सांगतात, 'पोरगी निघाली होती, मी वहीत पाहिलंय.'

त्या शेवटच्या फेरीच्या आगमनाची नोंद मला आधी लिहून ठेवायची होती, नवा माणूस चुका करील म्हणून. पण नाही लिहिली. वही उघडी ठेवून येतेय. इथं दोघी उतरलो की मग लिहीन.

ताई